दर सोमवारी पाऊण इंच

मार्गशीर्षात सोलापूरकडे लोक देवाला जातात, सोयरिकीला जातात, सुताच्या व्यापाराला जातात. मी गेलो तो पाऊस पकडायला. परत आल्यापासून हे वाक्य मी निदान वीस जणांना ऐकवले आणि वीसही जणांनी माझ्या डोक्याकडे काळजीने पाहिले. म्हणून सगळी हकिकत एकदाच लिहून काढतो.

माझी नोकरी पुण्यात, हवामानाच्या एका कचेरीत. गावोगावी पाऊस मोजायची यंत्रे बसवलेली आहेत. यंत्र म्हणजे काय, तर चौथऱ्यावर उभे केलेले जस्ताचे नळकांडे, वर नरसाळे आणि आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतले पाणी काचेच्या नळीत ओतायचे आणि किती इंच ते लिहायचे. हे आकडे आमच्याकडे येतात आणि आम्ही ते मोठ्या वहीत उतरवतो. काम पावसाचे असले तरी इतके कोरडे काम दुसरे नाही.

तर मैंदर्गीच्या बाजारापासून दोन कोसांवर एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल. या गावात गेली दोन वर्षे दर सोमवारी पाऊस पडत होता. पावसाळ्यात ते इतर पावसात खपून गेले, पण हिवाळ्यात उघडे पडले. आभाळात ढग नाही, आजूबाजूच्या दहा गावांत टिपूस नाही, आणि इथे सोमवारी पाऊण इंच. मंगळवारी पुन्हा ठणठणीत. आमचे वरिष्ठ शांत गृहस्थ. त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "इतका शिस्तीचा पाऊस मी जन्मात पाहिला नाही. जाऊन या. मोजणारा घरी बसून आकडे ठोकत असेल तर त्याला काढून टाका."

निघताना त्यांच्या टेबलावर त्या दिवशीचा नकाशा होता. मद्रासच्या किनाऱ्यापाशी एक वादळ काढलेले होते. "हे पश्चिमेकडे सरकले तर तुम्हाला तार करीन," ते म्हणाले. "खरा पाऊसही पाहून याल."

शुक्रवार, सोलापूर

स्टेशनाबाहेर टांगा केला. टांगेवाल्याने माझी हॅट पाहिली, पत्र्याची ट्रंक पाहिली, ट्रंकेवर बांधलेली काचेची मोजनळी पाहिली आणि विचारले, "साब, डागदर हो क्या?"

"नाही. मी हवामानवाला. पाऊस-वारा मोजतो."

"हवा तो इदर मुफत में मिलती साब. मापने कू पुनेसे कायकू आये?"

मी त्याला वाऱ्याचा वेग आणि दिशा हे प्रकरण समजावून सांगू लागलो. तो "हौ साब, हौ साब" म्हणत राहिला. घोड्याला हा विषय माहीत नसल्यामुळे तो मधल्या वेळात आपल्या घरच्या गल्लीत शिरला, आणि तिथून बाहेर पडायला आम्हाला अर्धा तास लागला.

उतरायची सोय एका विणकराच्या घरी झाली होती. घरात बोलणे तेलुगू, दारात मराठी, आणि मागावर बसले की दोन्ही बंद. पुण्यात माणूस जागा होतो तो शेजाऱ्याच्या खाकरण्याने. इथे सारे शहर गिरणीच्या एका भोंग्याने उठते, हे मला जास्त न्यायाचे वाटले. घरमालकाने सकाळी चहा दिला आणि माझ्या कामाची चौकशी केली. मी सांगितले. तो म्हणाला, "पाऊस चोरनारा बी ऐकला न्हवता. पाऊस वाढवून सांगनारा कोन हाय त्यो?"

शनिवार, वाटेवर

अक्कलकोट रोडला गाडी सोडली आणि छकडा केला. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तीत शाळूचे पीक. ताटे पोटरीला आलेली, कणीस अजून आतच, पण पाने दुपारची वळून गेली होती. जमिनीच्या भेगांत माझी काठी मुठीपर्यंत गेली, आणि ती उपसून काढताना मी बसकण मारली. गाडीवान हसला नाही, पण बैल थांबून पाहू लागले.

पुढे एक धनगर मेंढरे घेऊन त्याच गावाकडे निघाला होता. त्याचे नाव बिरू. खांद्यावर घोंगडे, हातात काठी आणि चेहऱ्यावर सदैव कोणाची तरी गंमत चालल्याचा भाव. मी कोण हे कळल्यावर तो छकड्याच्या बरोबरीने चालू लागला.

"सायेब, पावसाचं तुमाला कसं कळतंय?"

"मद्रासहून तार येते, कलकत्त्याहून येते. मग आम्ही नकाशा काढतो."

"आनि मेंढरं किती राखतासा?"

"मेंढरं कशाला?"

"मग ताडून कशासंगं बगतासा?" त्याने खऱ्या काळजीने विचारले. मग समजावले, "पाऊस यायचा आसंल तर मेंढरं सांजच्याला येकमेकात मुंड्या खुपसून हुबी ऱ्हात्यात. काल बगितली, पाय पसरून निवांत. बुधवारपतोर काय न्हाय."

मी हसलो. सरकारी नोकराने मेंढरांच्या मतावर जसे हसावे तसे हसलो.

गावात शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे अंगण. अंगणात लिंबाचे झाड, झाडापासून दूर चौथरा, चौथऱ्यावर आमचे यंत्र आणि भोवती तारेचे कुंपण. पाऊस मोजायचे काम शाळेच्या मास्तरांकडे होते. मास्तर अकलूजकडचे, एकटेच राहणारे, पंचविशीतले. इतके सरळ की त्यांची टोपीसुद्धा कधी तिरकी होत नसे. त्यांनी न मागता वही पुढे केली. दर सोमवारी पाऊण इंच. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत, दर सोमवारी: 'बेलपान एक.'

 आमच्याकडे उतरवून घेताना शेऱ्याचा रकाना कोणी वाचतच नसे. हा बिचारा दोन वर्षे आम्हाला बेलपान कळवत होता.

"म्हणजे कोणीतरी यात पाणी घालतं!"

"होय साहेब."

"आणि तुम्ही ते पाऊस म्हणून लिहिता?"

"पाऊस म्हणून नाही साहेब. नियम सात: बाटलीत जे असेल ते लिहावे, अंदाज लिहू नये. बाटलीत पाऊण इंच होतं. पान नरसाळ्यात होतं, ते शेऱ्यात लिहिलं."

"कोण घालतं?"

मास्तर आढ्याकडे पाहू लागले. "साहेब, मी इथं एकटा राहतो," ते म्हणाले. "दोन्ही वेळचं जेवण बाहेरून येतं." याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध, ते मला तेव्हा कळले नाही.

रविवार, गाव

जेवण येत होते ते गंगव्वांच्या दुकानातून. साठीच्या बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि दुकानात गूळ, तेल, डाळी नि शेंगांची चटणी. नवरा वारल्यावर दुकान आणि मागची दोन एकर शाळवाची पट्टी त्या एकट्याच सांभाळत. सारे गाव त्यांना अव्वा म्हणे. मराठी बोलता बोलता राग आला की त्या कानडीत जात, आणि प्रेम आले तरीही कानडीतच जात. त्यामुळे ऐकणाऱ्याला चेहऱ्याकडे पाहावे लागे.

"बस की यप्पा," म्हणून त्यांनी मला पोत्यावर बसवले आणि पुढ्यात कडक भाकरी, चटणी आणि तेलाची वाटी ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवून निघाला असालच' असे म्हणायची रीत आहे. इथे जेवून आलो म्हटले तरी 'ते तितलं झालं, हितलं खावा' म्हणतात. ही कडक भाकरी महिनाभर टिकते असे त्या अभिमानाने म्हणाल्या. ती महिनाभर का टिकते ते माझ्या दाढेला पहिल्याच घासाला कळले. चटणीने डोळ्यांतून पाणी काढले. पण दुसरी भाकरी मी मागून घेतली, आणि तिसरी न मागता आली.

"शाळू पोटरीला आलाय बगा," अव्वा म्हणाल्या. "ह्या टायमाला येक पाऊस पडला की कनीस भरतंय. न्हाय पडला तर नुसता कडबा. येकच पायजे, जास्ती न्हाय."

तेवढ्यात मैंदर्गीहून तारवाला आला. वरिष्ठांनी शब्द पाळला होता. मी तार उघडली, उभा राहिलो, आणि दुकानापुढच्या दहा-बारा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली: वादळ पश्चिमेस सरकत आहे, सोमवारी तुमच्या भागात पाऊस.

सगळ्यांनी वर पाहिले. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखे स्वच्छ होते. बिरू म्हणाला, "कागदावर पडला म्हना की!" आणि सगळे खो खो हसले. हसल्या नाहीत त्या एकट्या गंगव्वा. त्यांनी तारेचा कागद माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा पाहिला आणि घडी घालून परत दिला. माझी छाती दोन इंच फुगली. फुगलेल्या छातीला टाचणी कधी लागते त्याचे मात्र कोणी भाकीत करत नाही.

सोमवार

उजाडताच मी शाळेच्या भिंतीआड दबा धरून बसलो. थंडी मी म्हणत होती. थोड्या वेळाने अंगणात पावले वाजली. ओलेत्या केसांची, धुतलेले लुगडे नेसलेली बाई एका हातात फुलपात्र आणि दुसऱ्या हातात बेलपान घेऊन आली, सवयीने कुंपणाचे फाटक उघडले आणि फुलपात्र नरसाळ्यावर धरले. मी झेप घेऊन बाहेर आलो.

"थांबा! काय करता हे?"

गंगव्वांनी शांतपणे वळून पाहिले. "दिसंना व्हय? देवाला पानी घालते."

"अव्वा, हा देव नाही! हे सरकारी यंत्र आहे."

"यंत्र?" त्या म्हणाल्या. "मास्तर रोज सकाळी आंगूळ करून येतंय. ह्येच्यासमोर वाकतंय. आतलं तीर्थ काचंत काढतंय, डोळ्यासमोर धरतंय, मग वहीत लिवतंय. येक दिस खाडा न्हाय. आमच्या गावच्या देवाची बी येवढी नेमानं पूजा व्हत न्हाय. आनि हे यंत्र?"

 रोज आठ वाजता पुण्यात कचेरीच्या अंगणातल्या यंत्रापुढे मीही तेच करतो. वाकतो, काढतो, डोळ्यासमोर धरतो. बाहेरून ते कसे दिसत असेल याचा विचार नोकरीच्या इतक्या वर्षांत मनाला शिवला नव्हता.

पण मी सरकारी कामावर होतो. मी म्हणालो, यापुढे पाणी घालायचे नाही. खिशातून कुलूप काढून फाटकाला लावले.

"मग मी जेवायचं कसं?" त्यांनी विचारले. "सोमवारी हितं पानी घातल्याबिगर मी घास घेत न्हाय. पाऊस मागायचा तर येवढं तरी केलं पायजे."

आणि इथे मला अतिशहाणपणा सुचला. "अव्वा, आज तर पाऊस येणारच आहे. तार तुम्ही पाहिलीत. वरूनच पाणी पडेल. तुम्हाला घालायची गरजच नाही!"

"नक्की?"

"अगदी नक्की."

 मग त्यांचा चेहरा खुलला. "लई ब्येस. मग त्योच घालील पानी. ह्येच्यात पानी पडलं की मी जेवीन." त्यांनी फुलपात्र लिंबाच्या मुळाशी रिते केले आणि निघून गेल्या.

एका वाक्यात प्रकरण मिटवले म्हणून मी स्वतःवर खूष झालो. मास्तर मात्र दाराशी पांढरेफटक उभे होते. "साहेब, हे काय केलंत?" ते म्हणाले. "अव्वांचा शब्द म्हणजे नियम सात आहे."

दुपारी ऊन कडकडीत. जेवण वेळेवर आले, नेहमीसारखे भरगच्च. मी दुकानात धावलो. अव्वा चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि स्वतः काही खाल्ले नव्हते.

"तुमी जेवा की," त्या म्हणाल्या. "उपास माजा हाय. तुमी कशापायी उपाशी ऱ्हायचं?"

मावळतीला आभाळ जसेच्या तसे कोरडे होते. नरसाळ्यात एक मुंगी सापडली. मास्तरांनी ती शेऱ्यात लिहिली.

मंगळवार

सकाळी गावाने मला धरले. शाळेपासून दुकानापर्यंत दोनशे पावले असतील; तेवढ्यात मला सात जणांनी अडवले. "सायेब, कुटपतोर आला पाऊस? वाटंत कुंभारीला मुक्काम पडला का?" "पत्त्यात तालुका लिवला व्हता न्हवं?" "बैलं पाठवू का आनायला?" मी प्रत्येकाला हसून उत्तर देत होतो पण डोळे माझे दुकानाकडे होते. कारण दुकानाच्या पायरीवर गंगव्वा पूर्वेकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या ओठांवर साल आली होती. पाणी तेवढे त्या घेत होत्या.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "अव्वा, चूक माझी. कुलूप काढतो. चला, घाला पाणी आणि दोन घास खा."

"इल्ला, न्हाय," त्या म्हणाल्या. "सरकारनं शबूद दिलाय, मी घेतलाय. आता मदीच पानी घातलं तर सरकार खोटं पडंल. मी कशापायी सरकारला खोटं पाडू?"

आमच्या कचेरीतून रोज भाकिते निघतात. वर्तमानपत्रात छापून येतात, आणि लोक ती वाचून छत्री घरी विसरतात. चुकले तर आम्ही 'वादळ वळले' म्हणतो आणि चहा पितो. आजवर माझ्या शब्दावर कोणी जेवण सोडले नव्हते. त्या पायरीवर मला पहिल्यांदा भाकिताची भीती वाटली. या बाईला काही झाले तर, हा विचार मनातून जाईना.

छकडा करून मी मैंदर्गीला गेलो आणि वरिष्ठांना तार केली: पाऊस कोठे? तीन तासांनी उत्तर आले: वादळ रेंगाळले, धीर धरा. पोस्टमास्तरांनी ते उत्तर मला देण्याआधी दोनदा वाचले आणि मला बसायला खुर्ची दिली.

परतताना उन्हे कलली होती. गावाबाहेरच्या पडीक रानात बिरू उभा होता. मला पाहताच तो चेष्टा करील म्हणून मी मान खाली घातली. पण त्याने फक्त काठीने दाखवले. सगळी मेंढरे वर्तुळ करून उभी होती, एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या खुपसून. एकाचेही तोंड दिसत नव्हते.

"सायेब, उद्या," तो म्हणाला. "आव्वाला सांगा. मी सांगितलं तर ती ऐकायची न्हाय, मी सरकार न्हाय की."

मी सांगायला गेलो. अव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. "उद्या," मी म्हणालो. त्यांनी डोळे न उघडता "व्हय" म्हटले. आवाजाला मात्र धार नव्हती. मास्तर आणि मी समोरासमोर बसलो, समोर जेवण होते, आणि आम्ही दोघेही एकमेकांना वाढत राहिलो.

बुधवार

पहाटेच माझा निश्चय झाला. मेंढरांवर माझा विश्वास बसला होता, पण एका म्हाताऱ्या बाईच्या पोटाचा प्रश्न मेंढरांवर सोपवायचा म्हणजे फार झाले. बाटलीत पाणी दिसले की त्या जेवणार होत्या ना? मग बाटलीत पाणी असले म्हणजे झाले. झुंजूमुंजू होताच मी फुलपात्र भरले, कुलपाची किल्ली घेतली आणि पाय न वाजवता अंगणात गेलो. हॅटसुद्धा घातली नाही. हे काम टोपीचे नव्हते.

चौथऱ्यापाशी कोणीतरी होते. कुंपणाच्या तारेत धोतराचा सोगा अडकलेला, एक पाय आत, एक बाहेर, हातात रिकामे फुलपात्र. मास्तर!



"मी हा आकडा लिहिणार नाही साहेब," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले. "फक्त अव्वांना दाखवणार. बाटली दाखवणार, आकडा नाही."

"किती ओतलंत?"

"एक."

"एकाने त्यांचा विश्वास बसायचा नाही," मी म्हणालो, फाटक उघडले आणि माझेही फुलपात्र ओतले. पुण्याहून पाऊस पकडायला आलेला अधिकारी तो मीच. मास्तरांचा सोगा सोडवला, आणि दोघे जण समाधानाने मागे सरलो.

मग मास्तरांनी खाली पाहिले. "साहेब," ते हळूच म्हणाले, "जमीन कोरडी आहे."

खरेच की! अंगण कोरडे, छप्पर कोरडे, गाव कोरडे आणि पाऊस तेवढा नेमका पाच इंचांच्या तोंडातून बाटलीत गेलेला. एक शिकवणारा माणूस आणि एक तपासणारा माणूस, दोघांच्या डोक्यात मिळून हे आले नव्हते. मी म्हणालो, बादली आणा, अंगण भिजवू. मास्तर म्हणाले, छपराचे काय? मी म्हणालो, शिडी आहे का? अशी आमची शास्त्रीय चर्चा चाललेली असताना माझ्या उघड्या टाळूवर थंडगार काहीतरी पडले. मला वाटले कावळा. हात लावून पाहिला तर पाणी. दुसरा थेंब मास्तरांच्या कानावर पडला. पूर्वेकडे पाहिले तर उजाडायला हवे होते तिथे आभाळ काळे होऊन खाली आले होते, आणि वाऱ्याने लिंबाचा सगळा पाला एका बाजूला धरला होता.

पाऊस आला तो धावतच आला. छपरांवर तडतड झाली, गुरे ओरडली, दारे उघडली, आणि गल्लीच्या तोंडाशी दुकानातून आवाज आला, "मळी बंतु! मळी बंतु!" पाऊस आला म्हणून सांगायला सारे गाव ओरडत होते, पण त्या सगळ्यांत तो अशक्त आवाज मला वेगळा ऐकू आला. मी भर पावसात तोंड वर करून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आले होते ते पावसाचे की माझे, हे मी मोजले नाही.

गंगव्वा डोक्यावर पोते घेऊन, भिंतीला धरत धरत अंगणात आल्या. मागे अर्धे गाव. त्यांनी यंत्राकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. आणि तेव्हा मला आठवले की आमच्या दोघांच्याही हातांत अजून फुलपात्रे आहेत.

"तुमी बी घातलंसा?" त्यांनी विचारले.

खोटे बोलायला तोंड वळेना. "घातलं अव्वा," मी म्हणालो.

"दोगांनी?"

"दोघांनी."

त्यांनी वळून सगळ्या गावाकडे पाहिले. चेहऱ्यावर विजय होता. "ऐका! दोन वरसं मी येकली पानी घालत व्हते. येकलीच्या पान्यानं काय व्हतंय? मास्तरानं ते लिवलं, लिवलेलं पुन्याला गेलं, तितनं ह्ये आले, आनि आज पुन्याचं पानी पडलं. पडलं आनि पाऊस आला! आता म्हना देव न्हाय!"

मी सांगायचा प्रयत्न केला की हे वादळ मद्रासहून निघाले होते. कोणी ऐकले नाही. बिरू मला कोपरखळी मारून म्हणाला, "बुधवार म्हनलं व्हतं का न्हाय?" म्हणजे श्रेयाला दोन धनी झाले होते, मेंढरे आणि फुलपात्र. सरकारी तारेला तिसरी जागासुद्धा मिळाली नाही.

अव्वांनी तिथेच शाळेच्या ओसरीवर बसून कडक भाकरी पावसाच्या पागोळीखाली धरून मऊ केली आणि पहिला घास घेतला. दुसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो खाल्ला तसा घास मी पुन्हा कुठे खाल्ला नाही. सगळ्यांसमोर आम्ही तह केला: लिंबाच्या मुळाशी एक गोल धोंडा बसवायचा, सोमवारचे पाणी त्याच्यावर. अव्वांनी धोंडा निरखून पाहिला आणि तो सरकारी देवाचा धाकटा भाऊ म्हणून मान्य केला.

आठ वाजता मास्तरांनी बाटली काढली. दोन वर्षांतला हिवाळ्याचा पहिला खरा पाऊस! मी म्हणालो, "त्यातून दोन फुलपात्रं वजा करा."

"घाईत आत किती पडलं आणि बाहेर किती सांडलं साहेब?" मास्तर म्हणाले. "अंदाज लिहू नये. नियम सात." आणि त्यांनी आकड्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

पुणे

मोजणारा माणूस शंका घ्यायला जागा नाही इतका प्रामाणिक आहे, त्याला कायम करावे, असा अहवाल मी दिला. सोमवारचा पाऊस थांबला. हुरड्याला या म्हणून गंगव्वांनी मास्तरांकडून कार्ड लिहवले. कणसे हाताएवढी भरली आहेत आणि पुण्याचे पाणी लई गुणाचे, असेही त्यात होते.

अहवालात मी आणखी एक शिफारस केली होती: शेऱ्याच्या रकान्याकडे आपण लक्ष देत नाही ही चूक आहे, तो दर आठवड्याला वाचला जावा. वरिष्ठांना ती पटली. पुढच्या टपालाने पत्रके आली तेव्हा त्यांनी सगळ्या कारकुनांना टेबलाभोवती बोलावले, चष्मा लावला आणि पहिलाच शेरा स्वच्छ आवाजात वाचला:

"बुधवार. पाऊस भरपूर, आकडा देता येत नाही. बाटलीत फुलपात्रे दोन, पैकी एक पुण्याचे."

मग चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले.